फूटपाथवरचे चौदा खांब

९ जानेवारी

डाव्या हातानं लिहिते आहे. कोंबडीचे पाय. उजवं मनगट मोडलं. फूटपाथवर, सायकलवाल्यानं. ठणका लागलाय. बास.

११ जानेवारी

आज अक्षर निदान मला तरी लागतंय. काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभरानं कुणीतरी मलाच ऐकवेल की तुम्हीच आडव्या आलात.

परवा चारच्या सुमाराला दातांच्या दवाखान्यामागच्या माझ्या खोलीतून निघाले. हातात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीचा प्लास्टरचा साचा, कागदात गुंडाळलेला. रंगाच्या दुकानासमोर नेहमीप्रमाणे डब्यांची उतरंड रचलेली, म्हणून मी तिला वळसा घालून कडेनं पुढे आले. तेवढ्यात पलीकडून सायकल. मी हातावर पडले. साचा फुटला, मनगटातून काड्या मोडल्यासारखा आवाज आला आणि तो माझ्या मनगटाचा आहे हे मला जरा उशिरानं कळलं.

सायकलवाला म्हणतो काय, तर, "काकू, घंटी वाजवली होती मी."

काकू! माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी लहान असेल. डोक्यावर अर्धं टक्कल, मागे कॅरियरला अवजारांची पेटी बांधलेली. शिलाई मशीन दुरुस्त करत फिरतो म्हणे. मी त्याला सांगितलं, "घंटी वाजवून माणसाला तुडवायची परवानगी मिळते का?" सायकल तशीच टाकून त्यानं टॅक्सी थांबवली, माझा हात स्वतःच्या जॅकेटवर ठेवला आणि हॉस्पिटलात माझी लेक येईपर्यंत तीन तास बाकावर बसून राहिला. पोलिसांची भीती वाटली असणार. ही माणसं अशीच. पकडली गेली की गरीब गाय होतात.

सव्वीस वर्षं कवळ्या करतेय. गॅसची शेगडी, धारदार सुऱ्या, उकळतं पाणी, पण हाताला कधी खरचटलंही नाही. आणि हात मोडला कुठे, तर चालायच्या जागी.

१४ जानेवारी

सहा आठवडे प्लास्टर. अंघोळ लेक घालते. सत्तावीस वर्षांच्या मुलीनं आईच्या पाठीला साबण लावावा आणि आईनं नळाकडे बघत उभं राहावं, यासारखी ओशाळवाणी गोष्ट नाही. तिची वेणी मी घालायचे, आता ती माझी घालते. तीही वाकडी.

आमची सगळी कामं डॉक्टरांनी नदीपलीकडच्या कारखान्यात पाठवलीत. दोन कवळ्या येऊन गेल्या. लेकीनं फोनवर फोटो दाखवला. दात कसले, घोड्याचे. सगळे एका रांगेत, पांढरेफटक, स्वच्छतागृहातल्या फरशा बसवाव्यात तसे. ते तोंडात घालून ती माणसं लोकांसमोर हसणार.

लेक म्हणाली, "आई, तो काही मुद्दाम आला नाही ना अंगावर."

"तुला काय माहीत?"

"नाही... म्हणजे डब्यांमुळे दिसलं नसेल त्याला." आणि एकदम उठून चहा टाकायला गेली. हिचं हे नेहमीचं. बापावर गेली आहे. कुणीही पायावर पाय दिला तरी आधी स्वतः माफी मागायची.

१७ जानेवारी

रंगवाले आले होते. फळं घेऊन. इतकी वर्षं एकाच रस्त्यावर त्यांचं दुकान, माझी खोली, पण दारात पहिल्यांदा. बसल्या बसल्या डोळे पुसले. मग म्हणाले, "ताई, आता गप्प बसायचं नाही. आज तुमचं मनगट, उद्या कुणाचं डोकं. पादचाऱ्यांची समिती काढू. तुम्ही अध्यक्ष."

मी म्हटलं, मला भाषण येत नाही. ते म्हणाले, "भाषण मी करतो. तुम्ही नुसत्या हात दाखवा."

माणूस तसा मला कधी आवडला नाही. बोलताना हिरड्या दिसतात आणि खालच्या दातांवर तंबाखूचे थर. पण बोलला ते खोटं नव्हतं. बाकी कोण आलं विचारायला?

२० जानेवारी

समितीला आकडे लागतात म्हणून सकाळी आठ ते दहा घराच्या खिडकीत बसून मोजलं. फूटपाथवरून सायकली एकशे त्रेचाळीस. रस्त्यावरून एकतीस. एकशे त्रेचाळीस बेशरम!

एक शाळेचा मास्तर दिसणारा माणूस फोनवर बोलत. एक बाई पुढे भाजीची पिशवी, मागे मूल. एक आजोबा इतके सावकाश की पायी चालणारे त्यांना मागे टाकत होते, तरी उतरायचं नाव नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, जणू फूटपाथ यांच्या आजोळचं अंगण.

रस्ता मोकळा होता असं नाही म्हणणार. गोदामाकडे जाणारे ट्रक कडेला चिकटून जातात, बस थांब्यावर तिरकी घुसते, आणि गटारावरच्या लोखंडी जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेनंच लांबलेल्या, सायकलचं चाक आत जाईल अशा. त्या एकतिसांतले बरेच जण जाळी आली की एकदम रस्त्याच्या मधे वळायचे आणि मागचा ट्रक बोंबलायचा. पण ती त्यांची अडचण. माझ्या हाडांवर का?

२५ जानेवारी

पत्रकं छापून आली. वर माझा प्लास्टरसकट फोटो. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. कवळी पडलेल्या बाईसारखी दिसते. खाली ठळक अक्षरात, "फूटपाथ माणसांचा!" शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. सत्तरएक माणसं. रंगवाल्यांनी पाऊण तास भाषण केलं. मधे तीनदा माझा हात वर करून दाखवला, म्हणजे खरोखर धरून वर केला. दुखलं. टाळ्या पडल्या.

बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणाली, "याच त्या मनगटताई." झालं. छप्पन्न वर्षं जगून हे नाव कमावलं.

मागणी अशी, की आमच्या रस्त्याच्या फूटपाथवर लोखंडी खांब रोवावेत. माणूस जाईल, सायकल जाणार नाही.

२ फेब्रुवारी

तो आला होता. मशीनवाला. हॉस्पिटलच्या कागदावर पत्ता बघितला म्हणे. दारातच उभा. मी आत बोलावलं नाही, लेकीनं बोलावलं.

"काकू, माफी मागायला आलोय. त्या दिवशी नीट मागता आली नाही."

"माफीनं हाड जुळत नाही."

"नाही जुळत," म्हणाला आणि खाली बघत राहिला. वर असा सहमत होणारा माणूस मला अजिबात सहन होत नाही. भांडायला धड जागा देत नाही.

मी विचारलं, "सायकल हे वाहन आहे की नाही?"

"आहे."

"मग वाहनानं कुठून जायचं?"

"रस्त्यावरून."

"मग?"

त्यानं पॅंटचा पाय थोडा वर केला. पोटरीवर वीतभर जुना व्रण, शिवण घातल्यासारखा. "हा रस्त्यावरचा आहे. बसचा. त्यानंतर वर चढायला लागलो. हळू जातो, माणूस दिसलं की उतरतो. त्या दिवशी डब्यांमागे तुम्ही दिसला नाहीत, ही चूक माझीच." मग म्हणाला, "फूटपाथ तुमचाच आहे काकू. पण म्हणून रस्ता माझा होतो असं नाही ना."

मी म्हटलं, झालं असेल तर निघा. पाय दाखवायचा म्हणजे काय? लोकांच्या घरात येऊन व्रण दाखवणं, शी! तो गेल्यावर लेक माझ्याशी तासभर बोलली नाही. त्याचं ते शेवटचं वाक्य मात्र दिवसभर कानात माशीसारखं घोंघावत राहिलं.

६ फेब्रुवारी

आज सहा-पस्तीसला सहज खिडकीत गेले. खाली फूटपाथवरून लाल टोपी घालून सायकलवर कोण? माझी लेक! रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत सातला पोचायचं असतं तिला. मला वाटायचं, ही रस्त्यानं जाते.

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या धरली. "किती दिवस चाललंय हे?"

"चार वर्षं."

"आणि मी गावभर पत्रकं वाटतेय!"

"म्हणूनच बोलले नाही."

"लोक काय म्हणतील? मनगटताईंची मुलगीच..."

ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे, आई. उद्यापासून रस्त्यावरून जाईन."

मला बरं वाटलं. मुलगी समजूतदार आहे, फक्त सांगावं लागतं.

१९ फेब्रुवारी

लेकीचा नवा शर्ट बाहीपासून फाटून आला. कोपराला काळं ग्रीस. विचारलं तर म्हणे, दाराच्या कडीत अडकला. कडीला ग्रीस कुठून आलं? पण या पिढीला कपड्यांची किंमतच नाही. चांगलीच फैलावर घेतली. ती कोपर धरून ऐकत होती. जेवली नाही, लवकर झोपली. हल्ली सकाळी अर्धा तास आधी निघते. उजाडतही नाही नीट. शिस्त लागतेय म्हणायची.

२३ फेब्रुवारी

प्लास्टर काढलं. आतून जे निघालं त्याला माझा हात म्हणायला जीव धजेना. पिवळट, सुकलेला, वर मेलेल्या कातडीचे पापुद्रे, आणि वास! हॉस्पिटलातला डॉक्टर हसत म्हणाला, सगळ्यांचा असाच असतो. सगळ्यांचा असला म्हणून घाण कमी होते का?

घरी येऊन तीनदा धुतला. मग कामाच्या खोलीत गेले, दिवा लावला, मेणाचं पान गरम केलं आणि एक दात बसवून बघितला. नुसता एक. सुरी मेणात घुसवायची तर मनगट थरथरतं, दात वाकडा होतो. सरळ करायला जावं तर मेण थंड. वीस वेळा केलं. शेवटी मेणाचा गोळा भिंतीवर मारला. तो चिकटला तिथेच. मग खुर्चीवर चढून डाव्या हातानं खरवडून काढला. कुणी बघितलं नाही, एवढंच नशीब.

१२ मार्च

खांब बसले. चौदा. तिरके, एकाआड एक, हिरवा रंग दिलेले. रंग कुणाच्या दुकानातला हे सांगायला नको. पालिकेचे साहेब आले, फीत मला कापायला लावली. कात्री डाव्या हातात धरली तर फोटोवाला म्हणतो, "उजव्या हातात घ्या ना, तोच तर महत्त्वाचा." घेतली. फीत कापली गेली नाही, चघळल्यासारखी झाली. साहेबांनी मागून ओढून तोडली.

तरी खरं सांगू? सगळे गेल्यावर मी एकटी त्या टोकापासून या टोकापर्यंत चालून आले. सावकाश, मधोमध, मागे न बघता. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

१५ मार्च

तीन गोष्टी डोळ्यांत खुपल्या.

एक, एक बाई बाळाची गाडी घेऊन आली. खांबांतून गाडी जाईना. उतरली रस्त्यावर. ट्रकवाल्यानं थांबून तिला जाऊ दिलं, पण शिव्या देऊन.

दोन, रंगवाल्यांचे डबे आता पहिल्या चार खांबांपर्यंत आलेत. सायकली नाहीत, त्यामुळे धक्का लागायची भीती नाही. खांबांना टेकवून शिड्यापण ठेवल्यात. मला कडेनं जायला आता वीतभर जागा उरलीय. म्हटलं, "अहो, हे काय?" तर हिरड्या दाखवत म्हणाले, "ताई, तुमच्याच कृपेनं."

तिसरी लिहीत नाही. विशेष काही नाही. सकाळी लेक गेल्यावर मी खिडकीत उभी राहते आणि वळणापर्यंत बघते. उगाच.

३० मार्च

हात पुष्कळ सुधारला. डॉक्टरांकडून पहिलं काम आलं. चिठ्ठीवर लिहिलेलं: पुरुष, वय अठ्ठेचाळीस, वरचे पुढचे चार दात, अपघात. बरोबर प्लास्टरचा साचा. साच्यातसुद्धा हिरडी अशी फाटलेली दिसत होती की मी तो उलटा ठेवला. सव्वीस वर्षं लोकांची तोंडं बघतेय, मला अशी शिसारी येत नाही कधी.

२ एप्रिल

दातांचा रंग जुळवायला डॉक्टरांनी समोर बोलावलं. मी रंगाची पट्टी घेऊन गेले. खुर्चीत माणूस तोंडावर रुमाल धरून बसलेला. मला बघितलं आणि रुमाल बाजूला न करताच म्हणाला, "काकू, हात कथा आहे?"

मशीनवाला. ओठावर टाके, एक गाल अजून हिरवानिळा. पुढे मोकळं खिंडार, त्यामुळे 'स'चा 'थ' होत होता.

डॉक्टरांना काहीच माहीत नाही, त्या आपल्या सांगताहेत, "बघा ना, सायकलवरून पडले. गटाराच्या जाळीत पुढचं चाक गेलं. मागे बस होती, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचले."

मी विचारलं, "कुठल्या रस्त्यावर?"

डॉक्टर म्हणाल्या, "इथेच, आपल्या. ते खांब संपतात ना, तिथे."

तो खाली बघत होता. मग मला म्हणतो, आणि यात टोमणा शोधून शोधून मला सापडला नाही, "तुमचं बरोबर होतं काकू. वाहनानं रत्त्यावरूनच जायला पाहिजे. थवय नव्हती, म्हणून झालं."

मी पट्टी त्याच्या शिल्लक दातांना लावून बघितली. चहानं पिवळसर झालेले, एकाची कड झिजलेली. पट्टी दोनदा सरकली. तो म्हणाला, "थावकाश करा. मला घाई नाही." मी पट्टी त्याच्या ओठाला लागू नये म्हणून श्वास धरून उभी होते.

घरी येऊन रंगाची पट्टी तीनदा धुतली. तिला काही लागलं नव्हतं.

८ एप्रिल

चार दात. तीनदा मेणात बसवले, तीनदा काढले. मनगट साथ देत नाही हे खरं, पण ते कारण नाही. पहिल्यांदा बसवले ते फार सरळ आले. त्याचा चेहराच खोटा दिसला असता. तो माणूस काहीही असेल, खोटा नाही. दुसऱ्यांदा वाकडे झाले. तिसऱ्यांदा मी साच्याशी बोलायला लागले. "कुणी सांगितलं होतं खाली उतरायला?" म्हटलं. साचा काय बोलणार! आणि उत्तर मला माहीत होतं. मी सांगितलं होतं. फोटोसकट, ठळक अक्षरात.

पण मग माझं मनगट? ते खोटं होतं का? दोन महिने मला स्वतःची वेणी घालता आली नाही. फूटपाथवर सायकली नकोतच. आजही नकोत. हे मी उद्याही म्हणेन. मग हे चार दात असे समोर बसून माझ्याकडे का बघताहेत?

१२ एप्रिल

समितीची बैठक. रंगवाल्यांच्या दुकानात, टर्पेंटाइनच्या वासात. विषय: पुढच्या दोन रस्त्यांवर खांब.

मी म्हटलं, "आधी या रस्त्यावरच्या जाळ्या आडव्या करून घेऊ. चाक अडकतं."

रंगवाले म्हणाले, "ताई, आपली समिती पादचाऱ्यांची."

"मग बाळाची गाडी ढकलणारी बाई कोण? ती तर पादचारी ना? तिला खांबांतून जाता येत नाही."

"मूल उचलून घ्यायचं."

"आणि तुमचे डबे?"

सगळे डब्यांकडे बघायला लागले, जणू आत्ताच कुणी आणून ठेवलेत. रंगवाले हसले. "आता डबे मधेच कुठून आले?"

"मधेच आले, तेच म्हणतेय मी. त्या दिवशी ते तिथे नसते तर मी वळसा घातला नसता. त्याला मी दिसले असते, मला तो."

हे मी बोलले आणि बोलता बोलताच मला कळलं. तीन महिने ही गोष्ट माझ्याच वहीत पडून होती. मी लिहिली होती, वाचली नव्हती.

रंगवाल्यांचा आवाज बदलला. "तुमच्यासाठी एवढं केलं, त्याचं हे फळ? त्या सायकलवाल्याचे दात तुम्हीच करताय असं ऐकलं. केलेलं फेडलं त्यानं, तर तुम्हाला पुळका आला?" आणि हसले. दोघं-तिघं बरोबर हसले. हिरड्या, तंबाखू, ते सगळं पुन्हा दिसलं. याच माणसानं माझा हात धरून लोकांना दाखवला होता आणि मी धरू दिला होता. मी उठले. अध्यक्षांची खुर्ची म्हणून एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती सरकवताना डब्याला लागली. मुद्दाम नाही. पण वाईटही वाटलं नाही.

१४ एप्रिल

रात्रीचं जेवण झाल्यावर लेकीला म्हटलं, "उद्यापासून तू फूटपाथवरूनच जा."

तिनं ताट तसंच धरून विचारलं, "काय?"

"कुणाला दिसत नाही त्या वेळी. हळू जा. माणूस दिसलं की उतर." मशीनवाल्याचेच शब्द आले तोंडात.

"आई, तिथं खांब आहेत. सायकल जात नाही. म्हणून तर लावलेत ना?"

मी म्हटलं, "तो शर्ट कडीत अडकला नव्हता."

तिनं ताट खाली ठेवलं. मग बाही वर केली. कोपरापासून दंडापर्यंत लांब काळसर वण, आता फिकट पडत आलेला. "ट्रकच्या आरशानं ओढलं. पडले नाही. खांबाला धरलं, विजेच्या."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस, आई."

मी तिला जवळ घेऊ शकले असते. त्याऐवजी उठून भांडी घासली, उजव्या हातानं, सगळी, घासलेली सुद्धा पुन्हा. आईच्या फोटोखालच्या ओळीसाठी पोरगी दोन महिने ट्रकच्या कुशीतून जात होती. स्वतःची इतकी किळस मला उभ्या जन्मात आली नव्हती.

२४ एप्रिल

दात बसवले. डॉक्टरांनी बोलावलं होतं. काही टोचत असेल तर जागच्या जागी घासून द्यायला.

चार दातांची पट्टी आत गेली, शेजारच्या दातांवर तारेचे आकडे बसले. त्यानं जीभ फिरवून बघितली. डॉक्टर म्हणाल्या, "वरचे दात नीट बसलेत का ते 'फ'वरून कळतं. काहीतरी म्हणा, फ यायला पाहिजे."

त्यानं विचार केला. "फूटपाथ," म्हणाला.

स्वच्छ, खणखणीत. मग पहिला तोच हसला. आरशात बघत राहिला. चौथा दात मी किंचित आत वळवला होता, शेजारच्या झिजलेल्या दाताला शोभेलसा. तो म्हणाला, "माझेच वाटतात."

दोघं बाहेर आलो तेव्हा मी सांगितलं की मला सायकलवाले अजूनही आवडत नाहीत. तो म्हणाला, "मलाही नाही आवडत काकू. फार जोरात चालवतात काही काही." आणि मग, "पण जायचं कुठून, ते सांगा कुणीतरी."

मी म्हटलं, "ज्यांचं काम आहे त्यांना विचारू. सोमवारी अकरा वाजता."

२९ एप्रिल

पालिका कार्यालय. पंख्याखाली फायलींचा वास आणि भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या. लोक उत्तर मिळेपर्यंत इथे काय काय थुंकून जातात! दोन तास बाकावर. बरोबर मशीनवाला, मांडीवर जाळ्यांच्या मापांचा कागद. मापं त्यानं घेतली, अक्षर माझं. उजव्या हाताचं. मागण्या चार: जाळ्या आडव्या करा, फूटपाथवरचा माल हटवा, खांबांमध्ये बाळाची गाडी जाईल इतकं अंतर ठेवा, आणि रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी पट्टा आखा, ज्यात ट्रक शिरणार नाही.

कारकुनानं अर्ज उलटासुलटा केला. "वर चौकोन भरला नाही. अर्जदार पादचारी की वाहनधारक?"

मी म्हटलं, "दोघंही."

"एकावरच खूण करायची, बाई."

"अहो, माझं मनगट मोडलं ते फूटपाथवर. यांचे दात पडले ते रस्त्यावर. माझी मुलगी रोज तिथून जाते. आम्ही कुठल्या चौकोनात बसतो, ते तुम्हीच सांगा."

"तसा चौकोन नाही." मान वर न करता.

मी दोन्हींवर खूण केली. त्यानं अर्ज परत केला. मी दोन कोरे मागून घेतले, एक पादचाऱ्याचा, एक वाहनधारकाचा, मजकूर तोच. तेवढ्यात खिडकी बंद झाली. जेवणाची वेळ.

"उद्या?" मशीनवाल्यानं विचारलं.

"उद्या. आणि परवासुद्धा."

परत येताना तो सायकल घेऊन रस्त्यावर उतरला. दुसरीकडून जायला जागाच नाही. मी फूटपाथवरून, त्याच्या बरोबरीनं. तो माझ्या चालीनं पेडल मारत होता, मागे ट्रक हॉर्न वाजवत होते. मला वरून पुढचं दिसत होतं, त्याला मागचं सांभाळायचं होतं. म्हणून जाळी आली की मी ओरडायचे, "जाळी!" तो पाय टेकवायचा, मागे बघायचा, मग कडेनं पुढे. रंगवाले दुकानाच्या दारात येऊन बघायला लागले. बाजारातली बायामाणसं थांबली. छप्पन्न वर्षांची बाई भर दुपारी रस्त्यात "जाळी, जाळी!" म्हणून किंचाळते आहे.

घसा पार बसलाय. लेक विचारत होती काय झालं. तिला म्हटलं, उद्या सकाळी सहाला मी पण खाली येतेय, वळणापर्यंत.